‘ऑथेल्लो’तील उशिरा विचारलेला प्रश्न

शोकात्मिकेचा नायक एकाकी असतो, म्हणजे माणसांपासून दूर असतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. ‘ऑथेल्लो’त तसे नाही. ऑथेल्लोभोवती माणसे पुष्कळ आहेत. परंतु तो विश्वास ठेवतो तो एकट्या इयागोच्या शब्दावर.

पहिल्या अंकात ब्रॅबॅन्शिओ व्हेनिसच्या सिनेटपुढे त्याच्यावर जादूटोण्याचा आरोप करतो. तेव्हा डेस्डिमोनाला बोलावून तिलाच विचारा, अशी ऑथेल्लोची मागणी असते. तिच्या साक्षीने आरोप फोल ठरतो. सायप्रस बेटावर अशी सभा नाही. तेथे आरोप कानात सांगितला जातो, आणि जिच्यावर तो आहे तिला तो स्पष्टपणे कळतो शेवटच्या रात्री. कॅसिओला बोलावून विचारा, असे तीही विनविते. पहिल्या अंकातील ऑथेल्लोचीच मागणी ही! पण कॅसिओ ठार झाला, अशी आता त्याची समजूत आहे.

टॉमस रायमरने १६९३ मध्ये या नाटकातील रुमालाची थट्टा केली. वस्तू क्षुल्लक खरी. मात्र तिचे क्षुल्लकपण हेच येथे भयंकर आहे, असे आम्हांस वाटते. एमिलियाने तो उचलून नवऱ्याला दिलेला असतो. डेस्डिमोना विचारते तेव्हा ती ठाऊक नसल्याचे सांगते. रुमाल तुझ्याकडे कसा आला, हे ऑथेल्लो कॅसिओला प्रथम विचारतो तेव्हा डेस्डिमोना मरून पडलेली असते. आपल्या खोलीत सापडला, असे कॅसिओ सांगतो.