आधी चव, मग लेबल

(एस. वाय. बी. ए.)

"यंदाच्या अंकासाठी वाईनवर लेख देतो," असे मी म्हणालो तेव्हा आमच्या सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. मी १९ वर्षांचा आहे आणि आपल्या राज्यात वाईन घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. प्रस्तुत लेखकाने वाईनचा थेंबही चाखलेला नाही. मग हा उपद्व्याप कशाला, असे कोणीही विचारील.

त्याचे कारण असे. मी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षाच्या गावचा. आमच्याकडून माघ-फाल्गुनात वाईनच्या द्राक्षांची क्रेट भरून गाड्या जातात. त्या द्राक्षांचे पुढे काय होते याचे कुतूहल होतेच. त्यातच वाचनात आले की, वेगवेगळ्या गावी बसलेले मित्र एकच वाईन समोर ठेवून व्हिडिओ कॉलवर तिची चव पाहतात आणि तुलना करतात. मला प्रथम हसू आले. फोनवरून आवाज जातो, चित्र जाते. वास आणि चव कशी जाणार? पण शोध घेऊ लागलो तसे ध्यानात आले की, या अडचणीतच सगळी गंमत आहे.

ही रीत खरी फोफावली ती २०२० साली. टाळेबंदीत अनेक देशांतील वाईनरींची चाखण्याची दालने बंद पडली. तेव्हा त्यांनी लहान लहान बाटल्या घरोघरी धाडल्या आणि ठरल्या वेळी सर्वांना पडद्यावर एकत्र बसवले. पुढे मित्रमंडळींनीही तोच कित्ता गिरवला. एकाने बाटली आणायची, लहान कुप्यांत वाटायची आणि प्रत्येकाला पाठवायची. कुपी काठोकाठ भरावी लागते, कारण आत हवा राहिली की वाईनची चव बदलू लागते. शिवाय ती लवकर संपवावी लागते.

तुलना खरी व्हायची तर सर्वांकडे परिस्थिती सारखी हवी. एकाचा पेला रुंद, दुसऱ्याचा अरुंद, एकाची वाईन गार, दुसऱ्याची कोमट असेल तर चवीतला फरक वाईनचा की पेल्याचा हे सांगता येत नाही. म्हणूनच चाखण्याच्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ साली ठरवले गेले. तो पेला तोंडाशी अरुंद असतो, म्हणजे वास आत कोंडून राहतो. रंग पाहायचा तर पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरतात. आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, पडद्यावर नव्हे, कारण कॅमेरा दिव्याप्रमाणे रंग बदलून दाखवतो. नंतर पेला फिरवून वास घ्यायचा आणि मग एक घोट तोंडात घोळवायचा. आमच्या सरांना दिलासा म्हणून सांगतो, खरे परीक्षक तो घोट गिळत नाहीत. बाजूला ठेवलेल्या भांड्यात थुंकतात! एका बैठकीत वीस-तीस वाईन तपासायच्या, तर डोके ताळ्यावर ठेवावेच लागते.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला फार मोठा भाग वास असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच गोष्टी कळतात. बाकीचा सुगंध घशाच्या मागून वर चढून नाकात पोचतो. वाचकांनी घरी करून पाहावे. नाक घट्ट दाबून चिमूटभर जिरे चावा. काहीतरी किंचित कडवट लागेल, एवढेच. नाक सोडताक्षणी जिरे 'जिरे' होते. कोविडच्या साथीत ज्यांचा वास गेला त्यांना जेवण माती लागत होते, त्याचेही कारण हेच.

आता प्रश्न आला शब्दांचा. एकाच खोलीत बसलेल्यांना "घे, तूच पाहा" असे म्हणून पेला पुढे करता येतो. पडद्यावर मात्र बोलूनच सांगावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ॲन नोबल यांनी १९८०च्या दशकात वासांचे एक चक्र तयार केले. आतल्या वर्तुळात 'फळांचा', 'मसाल्याचा' असे ढोबळ शब्द आणि बाहेर जावे तसतसे नेमके शब्द. "छान आहे", "मस्त आहे" असले शब्द त्यात नाहीत, कारण त्यांतून बोलणाऱ्याचा आनंद कळतो, वाईन कळत नाही.

परंतु त्या चक्रातील ब्लॅककरंट आणि रास्पबेरी आपल्यापैकी किती जणांनी खाल्ल्या आहेत? मग आपण मुके राहायचे काय? मुळीच नाही. लाल वाईनमध्ये टॅनिनमुळे जीभ आखडल्यासारखी होते. त्यासाठी आपल्याकडे 'तुरट' हा अस्सल शब्द आहे आणि तो हिरडा, सुपारी, जांभूळ यांच्यामुळे प्रत्येकाच्या जिभेवर आहे. आयुर्वेदाने कषाय म्हणून सहा रसांत त्याला मानाचे पान दिले आहे. 'सोव्हिन्यॉन ब्लाँ' या द्राक्षाच्या वाईनमध्ये ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो. ही नुसती उपमा नव्हे, कारण दोन्हींत एकाच जातीची संयुगे असतात. 'शिराझ' वाईनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो म्हणतात. तो ज्या द्रव्यामुळे येतो ते ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली ओळखले, आणि मिरीचा वासही त्याचाच! तेव्हा करवंद, पेरू, मिरी हे शब्द कोणाच्याही शब्दांहून उणे नाहीत. ऐकणाऱ्याने ती वस्तू खाल्लेली असावी, एवढीच अट.

पण शब्द मिळाले म्हणून निवाडा खरा ठरतो असे नाही. येथे आडवे येते ते लेबल. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण हसण्यावारी नेतो, पण भल्याभल्यांना सोनूबाईच्या नावाची भूल पडते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन वास नसलेला लाल रंग मिसळून दिली गेली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला फसवले! २००८ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात एकच वाईन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. लोकांना महाग म्हटलेली अधिक आवडली. त्यांच्या मेंदूच्या चित्रणातही सुखाशी निगडित भागात हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे ती माणसे खोटे बोलत नव्हती. किमतीचा आकडा ऐकून त्यांना खरोखरच अधिक गोडी लागली. मला हा प्रयोग सर्वांत चिंताजनक वाटतो, कारण ढोंग पकडता येते, पण प्रामाणिक चूक पकडायची कशी?

त्यावर उपाय एकच, लेबल झाकणे. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रान्सच्या नामांकित वाईन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाईन एकत्र चाखायला ठेवल्या. फ्रान्सचे नऊ जाणकार परीक्षक होते आणि कोणता पेला कोठला हे त्यांना सांगितलेले नव्हते. एक परीक्षक तर कॅलिफोर्नियाची वाईन चाखून, आता कसे फ्रान्सला परत आल्यासारखे वाटले, अशा अर्थाचे बोलून गेले! निकाल लागला तेव्हा पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाईन पहिली आली होती. एका परीक्षकाने आपली गुणपत्रिका परत मागितली असे सांगतात. नावे झाकली नसती तर हा निकाल लागला असता काय?

या बाबतीत व्हिडिओ कॉल उपयोगीच पडतो. कुप्यांवर फक्त आकडे घालायचे, चाखताना सर्वांनी माइक बंद ठेवायचा, आपले मत कागदावर लिहायचे आणि मग एकदम कागद पडद्यासमोर धरायचा. समोरासमोर बसलो की पहिला बोलतो त्याच्या मागे बाकीचे जातात. येथे तसे होत नाही.

हे सर्व वाचून आम्ही चार मित्रांनी दिवाळीच्या सुट्टीत हा प्रयोग केला. वाईनवर नव्हे, गुळावर. एक गूळ आठवडे बाजारातला सुटा, दुसरा रंगीत खोक्यातला, दुपटीहून महाग. प्रथम खोके दाखवून चव पाहिली. चौघांनीही खोक्यातल्याला कौल दिला, मी धरून. नंतर तीन-तीन पुड्या नंबर घालून एस.टी.च्या पार्सलने पाठवल्या. दोन पुड्यांत एकच गूळ, तिसरीत वेगळा. वेगळी पुडी ओळखायची. यास त्रिकोणी चाचणी म्हणतात. पुड्या माझ्या धाकट्या बहिणीने बांधल्या, म्हणून मलाही माहीत नव्हते. चौघांपैकी दोघांनी बरोबर ओळखली. मी चुकलो.

आम्ही दोघांच्या हुशारीचे कौतुक करणार होतो, पण हिशेब करून पाहिला. नुसता अंदाज ठोकला तरी बरोबर येण्याचा संभव तिनात एक. त्यामुळे चार जणांनी डोळे मिटून नंबर सांगितले तरी दोन किंवा अधिक बरोबर येणे शंभरात सुमारे ४१ वेळा घडेल. म्हणजे आमच्या निकालावरून काहीच सिद्ध झाले नाही. मात्र आदल्या दिवशी चौघांनी एकमताने खोक्याला दिलेला कौल आठवून जो तो गप्प बसला.

शेवटी घरचे एक उदाहरण देऊन आटोपते घेतो. आमचे आण्णा दुसऱ्याच्या बागेत छाटणी-विरळणीला जातात. द्राक्ष काढणीला आले की नाही हे ते घडाच्या शेंड्याचा मणी खाऊन सांगतात. वरचे मणी आधी गोड होतात, शेंडा मागे राहतो, म्हणून शेंड्याचा. कंपनीचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो, काचेवर रसाचा थेंब टाकतो आणि ब्रिक्समध्ये गोडी वाचतो. वाईनला साधारण २२ ते २४ ब्रिक्स लागते. आण्णांना कोणी विचारत नाही. त्यांची जीभ यंत्रापेक्षा कमी नाही, असा माझा अभिमान होता. गेल्या हंगामात मी तो तपासायचे ठरवले. आण्णांनी आधी आकडा सांगायचा, मी वहीत लिहायचा, मग यंत्राचा आकडा घ्यायचा. सात वेळा पाहिले. पाच वेळा एका ब्रिक्सच्या आत बरोबर, दोन वेळा चूक. मला वाईट वाटले. आण्णा हसून म्हणाले, "आदल्या दिशी पाऊस झाला व्हता ना रे, गोडी उतरलेली. माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं." आणि पुढच्या खेपेला त्यांनी मणी खाण्याआधी पाऊस कधी झाला ते विचारून घेतले.

लेबल झाकण्याचा लाभ मला त्या दिवशी कळला. ज्याला कोणी विचारत नाही त्याची किंमत त्यात कळते आणि ज्याचा आपल्याला अभिमान आहे त्याची चूकही कळते. दोन्ही गोष्टी सारख्याच गरजेच्या आहेत. परीक्षेत आपण उत्तरपत्रिकेवर नाव लिहीत नाही, बैठक क्रमांक लिहितो. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी तो क्रमांक लिहिताना मला परके वाटले होते, जणू माझे नावच काढून घेतले. आता वाटते, बरे झाले. निदान तीन तास तरी समोरचा आधी चव पाहतो, मग लेबल.