पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये

सोमाटण्याचं नाव पेपरात येतं ते टोलनाक्यामुळे. टोल बंद करा म्हणून इथे मोर्चे निघाले, रस्ता अडला. पण पहाटे साडेपाचला फाट्यावर उभं राहिलं तर वेगळाच हिशेब दिसतो. तळेगाव, उर्से, चाकणकडे निघालेल्या कंपन्यांच्या बस, पाठीला सॅक अडकवलेली पहिल्या शिफ्टची पोरं, गळ्यात ओळखपत्रं. पट्ट्यावर कंपनीचं नाव, कार्डावर ठेकेदाराचं.

टपरीवर चहा घेताना एकाला विचारलं, "किती दिवस झाले कंपनीत?"

"सहा महिने होत आले, काका. पुढच्या महिन्यात ब्रेक."

नांदेडकडचा पोरगा, आयटीआय फिटर. 'ब्रेक' तो अशा सुरात म्हणाला, जशी आपण दिवाळीची सुट्टी सांगतो. या पट्ट्यात या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराची नोकरी सलग मानली; नोटीस आणि भरपाईशिवाय त्याला काढता येईना. संरक्षणासाठी आखलेली ही रेघ ठेकेदारांनी वेळापत्रकासारखी वापरली. सात महिने झाले की घरी. महिन्या-दोन महिन्यांनी दुसरा ठेका, नवं कार्ड, पुन्हा पहिल्यापासून. आठ वर्षं अनुभव असलेला माणूस कागदावर कायम नवखाच.

बेरोजगारीच्या आकड्यांत हा पोरगा शोधायला जाऊ नका. सरकारी श्रमबल पाहणीच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी तासभर काम केलेला माणूसही कामावर असलेला धरतात. म्हणजे हा तर भरगच्च कामावर! मोठ्या शहराच्या आसपास काम नाही असं कधी नसतंच, ते टिकत नाही एवढंच. आणि विषमताही तिथेच मुरते. एकाच लाइनवर शेजारी उभे असलेले दोघे तोच नट आवळतात, पण एक 'पर्मनंट' आणि दुसरा 'कंत्राटी'. कर्ज, मुलांची शाळा, एवढंच काय, सोयरीकसुद्धा या एका शब्दावर ठरते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे आणि पुढे टेल्कोत लागलेल्या पिढीतल्या कित्येकांनी निगडी-प्राधिकरणात घरं बांधली. त्यांच्या नातवाच्या वयाची पोरं आज सोमाटण्यात एका खोलीत पाच-सहाजण राहतात आणि मेसचा डबा खातात.

गावातली नाराजी वेगळी. राज्याचं धोरण उद्योगांत ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्या असं सांगतं. पण त्यातला 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला. त्या व्याख्येत नांदेडचा पोरगाही स्थानिक आणि एमआयडीसीत जमीन गेलेला मावळचा शेतकरीही. दोघांची गाठ पडते ती खोलीच्या भाड्यापुरती.

रोजगारासाठी कारखाना आणायचा, हा विचार या मातीत जुना आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काचकारखाना उभा राहिला. तो शाळाही होता. इथे शिकलेले कारागीर देशभरातल्या काचकारखान्यांत गेले. बरोबर शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, तळेगावात जनरल मोटर्सच्या गाड्या बनू लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये १,४१९ कामगारांना कमी केल्याची बातमी आली. ते कायम कामगार होते. चिनी ग्रेट वॉल कंपनीशी ठरलेला व्यवहार फिसकटला, शेवटी प्रकल्प ह्युंदाईने घेतला. दरम्यान, सप्टेंबर २०२२ मध्ये इथे येऊ घातलेला वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेल्याचा गदारोळ राज्यभर झाला. न आलेल्या कारखान्याचं दुःख मोठं झालं. आलेला कारखाना बंद पडला तेव्हा एवढा आवाज ऐकू आला नव्हता.

पोराने मोबाइलवर पगाराची चिठ्ठी दाखवली. पीएफ, ईएसआय, कँटीन, आणि 'पीटी २००'. हे कसले, त्याला ठाऊक नव्हतं.

व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्या योजनेचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात तिची खरी परीक्षा झाली. हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या पगारदाराने वर्षाला थोडं द्यावं आणि खेड्यात मागेल त्याला काम मिळावं, असा तो रोखठोक सौदा होता. माझ्या मते या राज्याने केलेला सर्वांत शहाणा सौदा. पण हमी गावांपुरती आणि 'क' वर्ग नगरपालिकांपुरती होती. महानगराला तिची गरज पडेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. केरळने २०१० मध्ये, राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी हमी आणली. आपण २०२४ मध्ये युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली: महिना सहा ते दहा हजार विद्यावेतन, मुदत सहा महिने, जी पुढे वाढवावी लागली. सरकारी कार्यालयातही ब्रेक!

"दुष्काळात आमची आजी खडी फोडायला होती," तो म्हणाला. "हजेरीवर सुकडी मिळायची, असं सांगते."

"आणि तुला ब्रेकमध्ये?"

"गावाला जातो. सोयाबीन काढायला."

बस आली. कप टपरीच्या कट्ट्यावर ठेवून, कार्ड शर्टाच्या आत सरकवत तो धावला.