चिकटवलेले का सुटते?

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. निम्मा संसार भिंतीवरच टांगलेला. आम्हीही टाइलला चिकटणारा हुक लावून त्यावर मुलांची दप्तरे अडकवली. आठवडाभर टिकला आणि एका रात्री धाडकन सुटला. दप्तर झोपलेल्या मुलीच्या उशीशेजारी पडले. अल्हम्दुलिल्लाह, तिला लागले नाही.

दोष एकट्या गोंदाचा नव्हता. त्याच खोलीत स्वयंपाक होतो, त्यामुळे टाइलवर फोडणीचा तेलकट थर होता. गोंदाने टाइल नव्हे, तो थरच धरला होता. शिवाय पुढे आलेल्या हुकावर वजन पडले की वरची कड भिंतीपासून ओढली जाते. सगळा ताण त्या कडेवर येतो आणि जोड सालीसारखा सोलत जातो. समुद्राची दमट हवा तिथूनच आत शिरते. भार सतत राहिला तर काही गोंद हळूहळू सरकतातही. २००६ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बोगद्यात इपॉक्सीने बसवलेले छताचे बोल्ट असेच सरकत सुटले. काँक्रीटचे छत मोटारीवर कोसळून एक महिला दगावली.

म्हणून जागा आधी साबणाने धुऊन कोरडी करावी. हुक लावल्यावर एक दिवस त्यावर काही टांगू नये. आणि जिथे मुले झोपतात, तिथे गोंदाच्या भरवशावर जड वस्तू ठेवूच नये.