तिन्ही निगेटिव्ह, ही खुशखबर नव्हे

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला की काही दिवसांनी दोन कागद हातात येतात. पहिल्यावर कॅन्सर आहे की नाही आणि असल्यास कोणत्या ग्रेडचा, हे लिहिलेलं असतं. दुसरा कागद आयएचसी नावाच्या तपासणीचा. त्यातल्या तीन ओळींवर पुढचे बरेचसे उपचार ठरतात: ईआर, पीआर आणि हर-टू. घरातलं शिकलेलं कुणीतरी या तिन्हींपुढे ‘निगेटिव्ह’ वाचतं आणि सगळ्यांना फोन करून सांगतं, ‘तिन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्या, आता काळजी नाही.’ कोविडच्या काळात निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं आहे. इथे ते लागू नाही. या कागदावर कॅन्सर आहे की नाही हा प्रश्नच नसतो, तो पहिल्या कागदावर संपलेला असतो.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर प्रोजेस्टेरॉनचा. ही पेशीच्या आतली प्रथिनं. इस्ट्रोजेन रक्तातून येतं, रिसेप्टरला चिकटतं, आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात वाढीची जनुकं चालू करते. हर-टू हा हार्मोनचा रिसेप्टर नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावर असतो आणि त्याची संख्या बेसुमार वाढली की पेशी सुसाट वाढतात. ईआर पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच, की ही गाठ वाढीसाठी इस्ट्रोजेनवर अवलंबून आहे, आणि हा आधार तोडता येतो. तिन्ही नसले, म्हणजे कॅन्सर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असला, तर नेमका वार करायला या तीन जागांपैकी एकही उरत नाही.

‘माझ्या अंगात हार्मोन्स वाढले म्हणून हे झालं का?’ हा प्रश्न ओपीडीत हमखास येतो, आणि त्यामागे बाईचा स्वतःवरचा आरोप असतो: कधी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती, कधी आणखी काही. ही तपासणी रक्तातल्या हार्मोनची नसतेच. निरोगी स्तनातल्या काही पेशींतही हे रिसेप्टर असतात, त्यामुळे अहवालावरून कुणी काय खाल्लं-प्यायलं याचा हिशेब लागत नाही. ‘पाळी जाऊन दहा वर्षं झाली, आता कुठले हार्मोन्स?’ हेही असंच. बीजकोश थांबले तरी चरबीत ॲरोमाटेज नावाचं विकर इस्ट्रोजेन बनवत राहतं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या त्या विकरालाच अडवतात. उलट ईआर पॉझिटिव्ह गाठींचं प्रमाण वाढत्या वयाबरोबर वाढतं. ट्रिपल निगेटिव्ह तुलनेनं तरुण बायकांमध्ये जास्त दिसतो.

हार्मोन थेरपी म्हणजे हार्मोन देणं, हा समज तर शिकलेल्या घरांतही आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की बीजकोश काढल्यावर एका तरुणीच्या स्तनाचा पसरलेला कॅन्सर ओसरला. ‘हार्मोन’ हा शब्दसुद्धा तेव्हा रूढ व्हायचा होता. पुढे अनेकांनी ही शस्त्रक्रिया केली, पण फायदा सगळ्यांना होत नव्हता. कुणाला होतो आणि कुणाला नाही, हे कोडं सुटायला शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांची वाट पाहावी लागली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किरणोत्सारी खूण केलेलं इस्ट्रोजेन वापरून दाखवलं, की ठरावीक ऊतीच ते धरून ठेवतात, कारण त्यांच्यात रिसेप्टर असतो. ज्या गाठीत तो नाही, तिथे बीजकोश काढून उपयोग नाही. त्यानंतर आलं टॅमॉक्सिफेन. आयसीआय कंपनीनं ते खरं तर गर्भनिरोधक म्हणून शोधायला घेतलं होतं आणि त्या कामी ते साफ नापास झालं. कॅन्सरच्या पेशीत मात्र ते रिसेप्टरवरची इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं. ईआर पॉझिटिव्ह बाईनं पाच वर्षं घेतलं, तर या कॅन्सरनं मृत्यू येण्याचा धोका साधारण एक-तृतीयांशानं घटतो. ईआर निगेटिव्ह गाठीवर त्याचा काहीही परिणाम नाही. ‘शेजारणीला गोळी चालू आहे, मग मला का नाही?’ याचं उत्तर एवढंच आहे.

आता ज्या समजानं सगळ्यात जास्त नुकसान होतं तो: ‘ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे इलाज नाही.’ हा प्रकार आक्रमक आहे, हे खरं. पेशी झपाट्यानं विभागतात, ग्रेड बहुधा तीन असतो, आणि परतायचा असेल तर तो बहुतेकदा पहिल्या तीनेक वर्षांतच परततो. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कॅन्सरपैकी दहा ते पंधरा टक्के या प्रकारचे असतात. भारतातल्या अभ्यासांत हे प्रमाण पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात आढळलं आहे. पण झपाट्यानं विभागणाऱ्या पेशींनाच केमो जास्त लागू पडते. शस्त्रक्रियेआधी केमो दिल्यावर गाठीचा मागमूसही उरला नाही, असं ट्रिपल निगेटिव्हमध्ये अनेकदा दिसतं, आणि अशा बायकांचं पुढचं भवितव्य चांगलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या गाठींवर झालेल्या कीनोट-५२२ चाचणीत, २०२०च्या पहिल्या विश्लेषणानुसार, नुसत्या केमोवर ५१ टक्के बायकांमध्ये हे घडलं. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडल्यावर आकडा ६५ टक्क्यांच्या जवळ गेला. औषधाची किंमत मात्र लाखांत जाते, आणि ती लपवून या आकड्यांचं कौतुक करणं मला प्रामाणिक वाटत नाही. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. नेहमीच्या केमोसोबत कार्बोप्लॅटिन हे जुनं, स्वस्त औषध देऊन त्यांनी ट्रिपल निगेटिव्हच्या सातशेहून अधिक रुग्णांवर चाचणी केली आणि २०२२च्या डिसेंबरात निष्कर्ष मांडले. पन्नाशीच्या आतल्या बायकांना स्पष्ट फायदा झाला. त्यापुढच्या वयात तसा फायदा दिसला नाही.

याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. ‘हार्मोन पॉझिटिव्ह म्हणजे सौम्य’ हेही अर्धसत्यच. अशा गाठीचाही ग्रेड तीन असू शकतो, पेशीविभाजनाचा वेग सांगणारा केआय-६७ चढा असू शकतो. शिवाय हा कॅन्सर विसरत नाही. पाच वर्षं गोळ्या घेऊन तोवर ठणठणीत असलेल्या ६२ हजारांहून अधिक बायकांचं विश्लेषण २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान शरीरात दूर कुठेतरी कॅन्सर परतण्याचा धोका लहान गाठ आणि स्वच्छ काख असलेल्यांत १३ टक्के होता. गाठ मोठी आणि काखेतल्या चार ते नऊ गाठींत कॅन्सर असलेल्यांत तो ४१ टक्के निघाला. ट्रिपल निगेटिव्हची बाई पाच वर्षं सुखरूप पार पडली, तर तिचा धोका बराच खाली येतो. ‘गाठ तर काढली, मग गोळ्या कशाला’ म्हणून वर्षभरात टॅमॉक्सिफेन सोडणारीनं हे आकडे जरूर पाहावेत.

आणि अहवालच चुकला असेल तर? हा प्रश्न उद्धट नाही, विचारायलाच हवा. काढलेला तुकडा तासाभरात दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि तिथे सहा ते बहात्तर तास राहायला हवा. लहान गावात ऑपरेशन झालं, गाठ सलाईनच्या बाटलीत ठेवून नातेवाईक दुसऱ्या दिवशी एसटीनं शहरातल्या लॅबमध्ये घेऊन गेले, तर रिसेप्टरची प्रथिनं वाटेतच खराब होतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह निघू शकते. चांगला पॅथॉलॉजिस्ट ते कसं पकडतो, हे पाहण्यासारखं आहे. ईआर असलेल्या पेशींची केंद्रकं स्लाइडवर तपकिरी रंगतात. गाठीत काहीच रंगलं नाही, तर तो त्याच स्लाइडवरच्या निरोगी दूधनलिकांकडे नजर टाकतो, कारण तिथे काही पेशी रंगायलाच हव्यात. त्याही कोऱ्या असतील, तर दोष तपासणीचा, आणि ती पुन्हा करावी लागते. शंभरातली एक पेशी रंगली तरी गाठ ईआर पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात, आणि अशा कित्येक गाठी वागायला ट्रिपल निगेटिव्हसारख्याच असतात. म्हणून नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न वाचता टक्केवारी विचारावी. हर-टूपुढे २+ असेल, तर ते ना होकारार्थी ना नकारार्थी. त्यापुढे फिश ही तपासणी लागते. कॅन्सर परतला, तर जमेल तिथे नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासतात, कारण मधल्या काळात रिसेप्टर बदललेले असू शकतात.

ट्रिपल निगेटिव्ह निघालेल्या बाईनं वय कितीही असलं, तरी बीआरसीए जनुकाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं. बीआरसीए-१ मधल्या दोषातून होणारे स्तनाचे कॅन्सर बहुतांशी याच प्रकारचे असतात, आणि दोष सापडला तर काही रुग्णांना ओलापॅरिबसारखं औषध देता येतं. यावर घरून ठरलेलं उत्तर येतं, ‘तिच्या आईकडे कुणालाच नव्हतं.’ हे जनुक वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेनं येतं. आत्या आणि वडिलांच्या आईला काय झालं होतं, तेही डॉक्टरांना सांगायला हवं.