सकाळी साडेआठचा सुमो

टोकियोत सुमो बघायला निघालेले बहुतेक पर्यटक दुपारी तीन-साडेतीनला र्‍योगोकु स्टेशनात उतरतात. नामांकित पैलवान चारच्या सुमारासच येतात आणि सहाला सगळं आटोपतं, त्यामुळे हा बेत सोयीचा वाटतो. मी मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला सकाळीच जायला सांगते. तिकीट दिवसभराचं असतं आणि स्पर्धेच्या बहुतेक दिवशी पहिली जोड साडेआठच्या आसपास लागते. सुमो म्हणजे कुस्ती आहेच, पण त्याहून जास्त ती माणसांची उतरंड आहे, आणि ती खालून वर बघत गेलं तरच कळते.

वर्षाला पंधरा-पंधरा दिवसांच्या सहा स्पर्धा होतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरची टोकियोत, मार्चची ओसाकाला, जुलैची नागोयाला, नोव्हेंबरची फुकुओकाला. टोकियोतली जागा म्हणजे र्‍योगोकुचं कोकुगिकान. पहिलं कोकुगिकान याच भागात १९०९ साली उभं राहिलं. त्याआधी शेजारच्या एकोइन देवळाच्या आवारात कुस्त्या व्हायच्या. आजची इमारत १९८५ची, अकराएक हजार प्रेक्षक मावतील एवढी.

सकाळी यातल्या बहुतेक जागा रिकाम्या असतात. रिंगणात कोवळी पोरं, कमरेला काळा सुती पट्टा, पुढे लोंबणाऱ्या दोऱ्या मऊ पडलेल्या. नव्यानं आलेल्यांचे केस तर अजून बांधण्याइतके वाढलेलेही नसतात. मीठ उधळण्याचा मान यांना नाही. वर चढायचं, मान लववायची, भिडायचं. एक जण बाहेर गेला की पुढची जोड तयार. सुमोत वजनी गट नसतात, त्यामुळे सडपातळ पोरगा आपल्या जवळजवळ दुप्पट वजनाच्या गड्याच्या अंगावर बेधडक जाताना इथे दिसतो. हॉल शांत असल्यानं छातीवर छाती आदळल्याचा आवाज थेट वरच्या मजल्यापर्यंत येतो.

या पोरांना पगार नाही. सुमोत सहाशेच्या आसपास पैलवान आहेत, आणि महिन्याचा पगार मिळतो तो वरच्या दोन श्रेणींतल्या सत्तर जणांना: माकुउचीतले ४२ आणि ज्युर्‍योतले २८. बाकीचे तालमीत राहतात, भल्या पहाटे सरावाला उतरतात, स्वयंपाक करतात, वरच्यांचं सामान वाहतात आणि त्यांचं झाल्यावर जेवतात. खालच्यांना एका स्पर्धेत सात कुस्त्या मिळतात, पगारदारांना रोज एक. जिंकलेल्या जास्त असतील तर पुढच्या यादीत नाव वर सरकतं, हरलेल्या जास्त झाल्या तर खाली. म्हणून सात विजय आणि सात पराभव घेऊन शेवटच्या दिवशी उभ्या राहिलेल्या पैलवानाची कुस्ती मला अजिंक्यपदाच्या लढतीइतकीच मोलाची वाटते.

दुपारी ज्युर्‍योचे पैलवान आले की नूर पालटतो. पट्टे रेशमी आणि रंगीत, दोऱ्या खळ देऊन ताठ केलेल्या, केसांचा अंबाडा गिंको झाडाच्या पानासारखा पसरलेला. बांधलेल्या केसांच्या तेलाचा गोडसर वास पैलवान जवळून गेला तरी येतो. आता मीठही उडू लागतं.

रिंगण बघायला थोडा वेळ काढा. मातीचा चौथरा आणि त्यावर भाताच्या पेंढ्याच्या वळकट्यांनी आखलेलं ४.५५ मीटर व्यासाचं वर्तुळ. पैलवानांची नावं गाऊन पुकारणारे योबिदाशीच प्रत्येक स्पर्धेआधी ही माती हातानं चोपून बसवतात. आदल्या दिवशी मधोमध मीठ, तांदूळ, सुकं माकूळ, समुद्री शेवाळ आणि चेस्टनटसारखी फळं पुरतात. तालमीतली माती पुजणाऱ्या आपल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. वर देवळाचं छप्पर लोंबतं. त्याचे खांब प्रेक्षकांच्या आड येत, म्हणून १९५२ साली काढून टाकले. चार कोपऱ्यांना चार रंगांचे गोंडे त्यांची आठवण म्हणून राहिले.

माकुउचीच्या कुस्तीआधी चार मिनिटांपर्यंत तयारी चालते, आणि नवखे प्रेक्षक नेमके तेव्हाच फोन काढतात. पैलवान मीठ टाकतात, उकिडवे बसून एकमेकांकडे रोखून बघतात, उठतात, कोपऱ्यात जाऊन घाम पुसतात, पुन्हा येतात. १९२८ साली रेडिओवर प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा कुठे या वेळेला मर्यादा घातली गेली. सुरुवातीची शिट्टी नाही, घंटा नाही. दोघांचे हात मातीला टेकले आणि दोघांचा श्वास जुळला की कुस्ती सुटते. पुढचा खेळ बहुधा काही सेकंदांचा. निकालाचे मान्य डाव ८२ आहेत, पण बहुतेक कुस्त्या समोरच्याला रेटून बाहेर काढण्यानंच संपतात. त्या चार मिनिटांत कोणाची नजर आधी हलली हे ज्यानं पाहिलं, त्याला ते काही सेकंद पुरतात.

सगळ्यात वर योकोझुना. त्याला खाली उतरवत नाहीत. झेपेनासं झालं की त्यानं निवृत्त व्हायचं. हवाईचा आकेबोनो १९९३ साली पहिला परदेशी योकोझुना झाला, आणि मंगोलियात जन्मलेल्या हाकुहोनं तर ४५ अजिंक्यपदं मिळवली. खालच्या फळीतल्या कुणी योकोझुनाला हरवलं की मनाई असूनही प्रेक्षक बसायच्या उशा रिंगणाकडे भिरकावतात.

या मातीवर बाईला मात्र पाऊल ठेवू देत नाहीत. एप्रिल २०१८मध्ये माइझुरू इथे महापौर रिंगणातच कोसळले. मदतीला धावलेल्या स्त्रियांना खाली उतरायला ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं. सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी नंतर माफी मागितली, नियम तसाच राहिला. जीव वाचवणाऱ्या हातांनी माती विटाळते, हे मला मान्य नाही.

जागेबद्दल सांगायचं तर रिंगणाला लागून बसलात तर खाणं आणि फोटो दोन्ही बंद, शिवाय पैलवान अंगावर येऊ शकतो. चौघांच्या चौकटीत बूट काढून बसावं लागतं, आणि परदेशी पाहुण्यांचे गुडघे तासाभरात बोलू लागतात. वरच्या मजल्यावरची साधी खुर्ची घ्या. तिथून अख्खं वर्तुळ दिसतं, आणि इमारतीच्या तळघरात भाजलेली याकितोरी तिथेही खाता येते. स्पर्धा नसताना गेलात तर काही तालमी सकाळचा सराव बघू देतात. आधी परवानगी काढा, आत बोलू नका आणि तळपाय रिंगणाकडे करून बसू नका.