कापड खरे, शिवण खोटी

बेळगावकरांस लष्करी पोषाखाचे नवल नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र गावातच असल्याने तो आपल्या रोजच्या नजरेतला. परंतु परदेशी सैन्यांनी निकालात काढलेले जुने, ठिपकेदार कॅमोफ्लाज कपडे जमविणारा छांदिष्ट भेटला, तर आपण त्यास विक्षिप्तच ठरवू. युरोपात असे छांदिष्ट पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या छंदात एक मोठा पेच आहे.

धुळीच्या रंगाची खाकी हिंदुस्थानातील गाइड्स पलटणीने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, त्याच्या मध्यास, वापरात आणली. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी १९१५ साली चित्रकारांनाच सैन्यात घेऊन तोफा रंगवून घेतल्या. मात्र शत्रूची दृष्टी फसविणारी नक्षी कापडावर छापून ते मोठ्या प्रमाणावर काढण्याचा पहिला मान इटलीचा. १९२९ सालच्या या कापडास ‘तेलो मिमेतिको’ म्हणतात. मातकट पिवळा, हिरवा आणि तपकिरी असे तीन रंग, आणि त्यांचे वेडेवाकडे डाग एकमेकांत शिरलेले.

गंमत अशी की, हे कापड मुळात कपड्यांसाठी नव्हतेच. ते राहुटीचे होते. प्रत्येक शिपायाजवळ एक चौकोनी तुकडा असे. काठ्यांवर ताणला की निवारा, अंगावर घेतला की आपल्या शेतकऱ्याच्या घोंगडीच्या खोळीचे काम. पुढे इटालियन छत्रीधारी सैनिकांसाठी त्याचे डगले शिवले गेले. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली आणि जर्मनांनी तेथील कोठारे ताब्यात घेतली. त्या कापडाचे त्यांनी डगले आणि विजारी शिवून घेतल्या. १९४४ च्या नॉर्मंडीतील लढायांच्या छायाचित्रांत ते तरुण जर्मन सैनिकांच्या अंगावर स्पष्ट दिसतात.

त्याच सुमारास इटलीत आपले मराठे लढत होते. टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्यापैकी कोणाच्या आजोबांनी हे कापड शत्रूच्या अंगावर पाहिलेही असेल.

आता पेच. युद्धानंतरही इटालियन सैन्याने या राहुट्या कित्येक दशके वापरल्या. त्यामुळे निकालात निघालेल्या राहुट्या मुबलक आणि स्वस्त, तर युद्धकाळातले डगले दुर्मीळ आणि भलतेच महाग. लबाडास आणखी काय हवे? तो जुनी राहुटी फाडतो, डगला बेततो, मातीत लोळवतो आणि विकतो. कापड हाती घेऊन पाहावे तर ते अस्सलच! बरे, युद्धकाळात काही शिपायांनीही राहुट्याच फाडून कपडे शिवले होते. तेव्हा राहुटीची काजे दिसली म्हणून वस्तू खोटी, असेही म्हणवत नाही.

म्हणून जाणता संग्राहक कापड सोडून शिवण पाहतो. डगला खरोखर उन्हापावसात वापरला गेला असेल, तर शिवणीच्या आत दडलेला रंग बाहेरच्यापेक्षा ताजा असतो. आतबाहेर सारखाच उडालेला असेल, तर आधी कापड विटले आणि मग कात्री चालली, असा संशय घ्यावा. अंधाऱ्या खोलीत जंबुपार दिव्याखाली धरल्यास आजचा पॉलिएस्टर दोरा बहुधा निळसर चमकतो. परंतु आधुनिक साबणाच्या भुकटीत पांढरेपणा आणणारी द्रव्ये असतात, त्यामुळे एकदा धुतलेला अस्सल डगलाही चमकू लागतो. घरच्या मंडळींनी प्रेमाने धुऊन, कडक इस्त्री करून ठेवला, की त्याची साक्ष गेलीच म्हणायची.

आम्हांस खरा राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. फसलेल्या श्रीमंताचे पैसे गेले, ते गेले. पण प्रत्येक खोट्या डगल्यापायी एक खरी राहुटी कापली जाते. तिच्यावर कोणा शिपायाने शाईने नाव लिहिलेले असते, कोठे ठिगळ लावलेले असते. ते सारे शिंप्याच्या चिंध्यांत जाते. स्वस्त म्हणून तिची कोणी नोंदही ठेवलेली नसते.

जतनाचे म्हणाल तर ते आपल्या गृहिणींना शिकवायला नको. पैठणी जशी मलमलीत गुंडाळून अधूनमधून घडी मोडून ठेवतात, तसेच येथे करावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, लोखंडी हँगरचा गंज खांद्यावर उतरतो. बेळगावच्या पावसाळ्यात तर आठवड्याला एकदा कपाट उघडून बुरशीचा वास येतो का, एवढे पाहावेच.