उद्योगाची मूलतत्त्वे – लेखांक चौथा : माल घेणार कोण?

कच्चा माल, श्रम, भांडवल आणि व्यवस्था ही उत्पादनाची चार अंगे आपण गेल्या लेखांकात पाहिली. ती चारही सुस्थितीत असूनही एखादी पेढी का बुडते, याचे उत्तर ज्या प्रश्नात दडलेले असते आणि जो प्रश्न नवा कारखानदार बहुधा सर्वांत शेवटी विचारतो, तो म्हणजे आपला माल घेणार कोण. या प्रश्नाच्या विवेचनासाठी पानिपताइतके बोधप्रद उदाहरण मला दुसरे दिसत नाही. मराठी वाचकाला हे नाव १७६१ सालच्या संग्रामामुळे परिचित आहे. परंतु दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर वसलेले हे नगर आज विणकरांचे आहे. १९४७ च्या फाळणीत येथील मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी मागांचा व्यवसाय पुन्हा उभा केला.

पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले लोकरी कोट व स्वेटर गासड्यांच्या रूपाने कांडला बंदरात उतरतात आणि तेथून पानिपतच्या वखारींत येतात. तेथे स्त्रिया विळीसारख्या उभ्या पात्यांवर ते कापतात, गुंड्या, चेन आणि अस्तरे काढून टाकतात आणि तुकड्यांचे रंगवार ढीग लावतात. या रंगवारीतच धंद्याचे अर्धे मर्म आहे, कारण लाल चिंध्यांचे सूत आपोआप लालच निघत असल्याने रंग, पाणी आणि इंधन यांचा मोठा खर्च वाचतो. पुढे यंत्रे त्या चिंध्या फाडून, पिंजून त्यांचे तंतू मोकळे करतात. हीच ती ‘शॉडी’ लोकर. ती बनविण्याची रीत इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, बॅटली येथे, बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये प्रथम काढली. फाडलेला तंतू आखूड असल्याने सूत जाडेभरडे निघते आणि त्याची तलम शाल होऊ शकत नाही. होते ते कांबळे. म्हणजे येथे मालाची जात कच्च्या मालाने ठरविली, गिऱ्हाइकाने नव्हे. हे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत जी धूळ जाते, तिची नोंद मात्र कोणत्याही जमाखर्चात होत नाही, आणि ती व्हावयास हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

आता विक्रीकडे वळू. भूकंप, महापूर, युद्ध यांत निराधार झालेल्यांना वाटण्यासाठी साहाय्यसंस्थांना स्वस्त आणि उबदार कांबळी हजारोंच्या संख्येने लागत, आणि पानिपतने ही गरज वर्षानुवर्षे भागविली. परंतु या व्यवहारात पैसे देणारा एक आणि पांघरणारा दुसरा असतो. खरेदी निविदेने होते. वजन, लांबीरुंदी आणि लोकरीचे प्रमाण तपासून ज्याचा दर कमी त्याला मक्ता मिळतो, आणि निर्वासितांच्या छावणीत थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला कोणते कांबळे हवे, हे त्याला कोणी विचारीत नाही. त्यामुळे पानिपतच्या कांबळ्याला कारखान्याचे असे नाव कधी मिळालेच नाही. उलट सोलापुरी चादरीची गोष्ट पाहा : गृहिणी दुकानात ती नावाने मागते, आणि त्या नावाला भौगोलिक मानांकनाचे कायदेशीर संरक्षणही लाभले आहे.

निनावी मालाची दुर्बलता पॉलिएस्टरची मऊ ‘फ्लीस’ कांबळी बाजारात आली तेव्हा उघडी पडली. ती वजनाने हलकी आणि लवकर वाळणारी, म्हणून दूरदेशी धाडण्यासही सोयीची. साहाय्यसंस्थांची मागणी तिकडे वळली, आणि पानिपतच्या मालाचा दर्जा तसूभरही न घसरता त्याचा बाजार आकसला. पुष्कळ कारखानदारांनी मग पॉलिएस्टर कांबळ्यांची यंत्रे बसविली. काहींनी शिवणकारखान्यांतील सुती कातरणापासून सूत काढून सतरंज्या आणि पायपुसणी विदेशी दुकानांसाठी विणण्यास आरंभ केला. यात त्यांच्या उद्यमशीलतेचे कौतुक करावे तितके थोडेच. तथापि एकाच प्रकारच्या खरेदीदारावर दीर्घकाळ विसंबणे ही त्या धंद्याची मूळ चूक होती, असाच निवाडा मला द्यावा लागतो.

आपल्या गावातील एखादा कारखाना निवडून त्याच्या मालाचे पैसे कोण देतो आणि तो माल वापरतो कोण, याची वाचकांनी या आठवड्यात चौकशी करावी. पुढील लेखांकात किंमत कशी ठरते याचा विचार करताना ती माहिती उपयोगी पडेल.